डाव्या हाताला सुट्टी

"ही पण नाही," ती म्हणाली.

गिटार दुरुस्त करणाऱ्याने कपाळाला हात लावला. दुपारपासून त्याने तिच्या बाबांच्या जुन्या गिटारच्या तारा चार तऱ्हांनी लावून पाहिल्या होत्या. कधी नुसत्या जाड तारेचा सूर उतरवून, कधी दोन तारांचा, कधी चारांचा. ती गुणगुणायची ती धून कशातच नीट बसेना.

"ताई, तुम्ही गिऱ्हाईक आहात की परीक्षक?"

ती हसली, पण डोळे घड्याळावर होते. पाच वाजता मामा इथेच यायचा होता आणि त्याच्या आत तिला ती धून वाजवता यायला हवी होती.

मामाने तीस वर्षं तिचं आणि बाबांचं तोंड पाहिलं नव्हतं. ती पाच वर्षांची असताना एका संध्याकाळी आई घरामागच्या तळ्यात मेलेली सापडली. "यानेच ढकललं तिला," मामा चारचौघांत बाबांकडे बोट दाखवून ओरडला होता. पण खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पोलिसांना ठणकावून सांगितलं, "तो माणूस चार ते साडेपाच वर गिटार वाजवत होता. एकच धून, जराही खंड नाही. कान किटले माझे!" प्रकरण तिथेच मिटलं.

लोकांची तोंडं मात्र मिटली नाहीत. शाळेत, लग्न ठरताना, सगळीकडे ती बाबांसाठी भांडत आली. ती स्वतः तेव्हा गाढ झोपली होती, असं बाबा सांगायचे. झोपेतच ती धून तिच्या कानात बसली असणार, कारण त्यानंतर बाबांनी गिटारला हात लावला नाही. तिलाही लावू दिला नाही.

गेल्या महिन्यात बाबा गेले. तिनेच मामाला फोन केला. तो म्हणाला, "पोरी, मी आता थकलो. एकदा ती धून ऐकव. ऐकली की मनातलं सगळं काढून टाकतो."

"एक कोडं आहे बघा," दुरुस्तीवाला म्हणाला. "दांड्यावरच्या या पट्ट्या किती झिजल्यात! डाव्या हाताची बोटं वर्षानुवर्षं नाचलीत इथे. कसलेला माणूस. आणि ही धून म्हणजे अगदीच बाळबोध."

तिला राग आला. "साधी आहे म्हणून काय झालं? त्यांना आवडत असेल."

"अहो, रागावू नका. साधी म्हटलं, तेव्हाच डोक्यात उजेड पडला."

त्याने पहिली, पाचवी आणि सहावी तार एकेक सूर खाली आणली. मग दांड्यावर एकही बोट न ठेवता सगळ्या तारांवरून हात फिरवला. सहाही तारा एकमेकींत मिसळून गेल्या. तिच्या अंगावर काटा आला.

"हीच! देवाशपथ हीच!"

"घ्या मग. डाव्या हाताला सुट्टी. उजव्या अंगठ्याने नुसत्या मोकळ्या तारा छेडायच्या. कुणालाही येईल."

"मी जन्मात गिटार वाजवली नाही हो."

"अंगठा बघू. हा पांढरा डाग कसला?"

"लहानपणी इस्त्रीचा चटका बसला होता. बाबांनी मलम लावलं होतं, ते आठवतं."

"बसला तो बरोबर तारेच्या जागी," तो हसत म्हणाला.

ती उंच स्टुलावर चढून बसली. पाय जमिनीला टेकेनात. पहिला सूर चाचरत निघाला, दुसरा जरा बरा. मग अंगठ्याला काही सांगावंच लागलं नाही. दोन जाड तारा, एक पातळ, मग सगळ्या. पुन्हा दोन जाड.

"आणि म्हणे जन्मात वाजवली नाही!" दुरुस्तीवाला म्हणाला.

तिचं लक्षच नव्हतं. तिचे डोळे भरून आले. सुटले बाबा, आज एकदाचे सुटले.

तिला थांबायचं होतं, पण अंगठा थांबेना. मध्येच थांबायचं नसतं, असं तिला वाटलं. दाराकडे बघत राहायचं असतं. असं का वाटतंय, ते तिला उमजेना. गिटार फार मोठी वाटू लागली. हनुवटी कशीबशी तिच्या काठावर टेकत होती.

जिन्यावर पावलं वाजली. दुरुस्तीवाल्याने दार उघडलं. मामा दारात उभा होता, हात जोडलेले, डोळे ओले. त्याने जिन्यातच सगळं ऐकलं होतं.

"चुकलो ग पोरी," तो म्हणाला. "तुझ्या बापावर फार अन्याय केला मी."

तिने त्याच्याकडे पाहिलं. अंगठा तारांवरून फिरतच होता. मग अगदी बारीक आवाजात तिने विचारलं,

"बाबा, आलात? आता थांबू? अंगठा दुखतोय."