खांद्यावरचं लेकरू

"आधी एवढंच सांग वहाबभाई, हा देव आपला हाय का नाही?" बेबीबाईनं मोबाइल काचेवर ठेवला आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला.

कामरगावच्या बाजारात वहाबचं चांदीचं दुकान. दुकान कसलं, दोन माणसं बसली की तिसऱ्यानं रस्त्यावरच उभं राहायचं. बेबीबाई स्टुलावर बसली होती. तिची सून चंदा लेकराला खांद्यावर घेऊन पायरीशी उभी होती.

बेबीबाईचा मुलगा बादल दोन महिन्यांपूर्वी समुद्राकडच्या मुलखात रस्त्याच्या कामाला गेला होता. बावीस दिवसांपासून त्याचा फोन बंद होता. आणि आज सकाळी गावचा पोलीस पाटील मदनसिंग घरी आला. तिकडे खाडीत एक माणूस सापडला होता, पंचविशीतला. चेहऱ्यावरून ओळखावं असं काही उरलं नव्हतं. गळ्यात फक्त चांदीचं लॉकेट. तिकडच्या पोलिसांनी लॉकेटचा फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, मयत ख्रिस्ती वाटतो. संध्याकाळपर्यंत कोणी आपला म्हटलं नाही, तर उद्या त्यांच्या दफनभूमीत पुरू.

बेबीबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिला फोटोत नुसता पांढरा ठिपका दिसत होता आणि सकाळपासून तिचा जीव त्या ठिपक्याला टांगला होता. वहाबनं बारा वर्षं वसईत ख्रिस्ती दागिन्यांच्या कारखान्यात काढली होती. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, कारण तो स्वतःच सांगत सुटायचा.

"बोल ना, काहून जीव काढून राह्यला?"

"घाई नको करू. चुकीचं सांगितलं त पाप मले लागन." वहाबनं डोळ्याला भिंग लावलं. मग ते काढून ठेवलं आणि कपाटातून पत्र्याचा जुना डबा घेतला. त्यातले एकेक नग तो बेबीबाईच्या तळहातावर ठेवू लागला.

"त्यांच्यात कोणी उगाच काही गळ्यात घालत नाही. हा क्रूस, याच्यावर येशू हाय, हात लावून पाहा. त्याचं दुःख आठवाले घालतात. हा मोकळा क्रूस. म्हणजे तो मरणातून उठून गेला. आन् हा नांगर."

"हा नांगर? असा?"

"जहाजाचा. तुमचा वावरातला नाही. तुफानात बी जहाज वाहून जाऊ देत नाही, म्हणून आशेची खूण."

"मेलेला उठते का, चाचा?" चंदानं विचारलं.

"त्यांच्यात तसं मानतात, बेटा."

"यातलं कोणतं हाय ते सांग," बेबीबाई म्हणाली.

"यातलं कोणतंच नाही. फोटोतला हा संत क्रिस्तोफर. लोकायले खांद्यावर घेऊन नदी पार करून देत जाय. एक दिवस लहान लेकरू घेतलं, त मधात गेल्यावर सारी दुनिया उचलल्यावानी जड झालं. पार गेल्यावर समजलं, तो येशूच होता. म्हणून वाटसरूच्या गळ्यात घरचे हा घालतात. सुखरूप पार नेते म्हणे. माझ्याजवळ बी एक होता, वसईचा." त्यानं डबा काचेवर पालथा केला, बोटानं सारं पसरलं. "नाही दिसत. मी नमाजले गेलो का इथं आमच्या घरवालीचं, अमीनाबीचं राज. टाकला असन मोडीत."

"म्हणजे पक्का ख्रिस्ती."

"सोळा आणे."

बेबीबाईनं पदर तोंडाला लावला. सकाळपासून अडकलेलं रडू आता आलं, आणि रडता रडता ती हसली. मग तिची तिलाच लाज वाटली. "कोणाचं तरी लेकरूच हाय ते. आन् मी मेली हासून राह्यली."

"चाचा, असे लई असतात का?" चंदानं विचारलं.

"तिकडं घरोघरी."

"सारखेच?"

"एकाच साच्यातले."

चंदानं लेकरू या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. चांदीवाल्याची नजर आधी गळ्याकडे जाते. तिच्या पोतीत एका बाजूला सोन्याचे तीन मणी होते, दुसऱ्या बाजूला दोनच.

"मणी कुठं गेला?" वहाबनं विचारलं.

"निंदताना पडला म्हणते," बेबीबाईनं परस्पर सांगितलं. "बादल गेला त्याच हप्त्यात. सारं वावर धुंडाळलं." एरवी या मण्यावरून ती सुनेला अर्धा तास सुनवायची. आज तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

"आणखी एक खेप पाहा ना, चाचा," चंदा म्हणाली. "या फोटोत काही येगळं हाय का, नीट पाहा."

वहाबनं फोटो बोटांनी मोठा केला. "माल एक नंबर. कडी तेवढी तांब्याची दिसते. चांदीले कोणी तांब्याची कडी घालते का? कोण्या अनाड्याचं काम हाय."

चंदा पायरीवर खाली बसली. बेबीबाईला वाटलं, सकाळपासून पोटात काही नाही, आली असेल भोवळ.

"लाव फोन मदनसिंगले," ती म्हणाली. "सांग, आमचा नाही. आन् मंग घरी जाऊन दोन घास खाऊ."

चंदानं फोन लावला. मदनसिंगचा आवाज दुकानभर ऐकू आला. "बोल चंदा. नाही म्हणून कळवू ना?"

"नका कळवू, काका. गाडी सांगा."

बेबीबाईनं तिच्या दिशेनं मान वळवली. चंदानं फोन बंद केला. लेकराच्या पाठीवरून हात फिरवत ती वहाबशी बोलली.

"चाची अनाडी नाही, चाचा. कडी तुटेल होती, तिच्याजवळ होती ते तिनं घालून देल्ली. मणी तिलेच देल्ला मी, तो त्यायच्या गळ्यात घालाले. नदीतून लेकरू नेऊन राह्यला होता, मले वाटलं वासुदेव हाय."