पहिला रिमोट
व्हिडिओ गेमची नकली कॅसेट विकताना दुकानदार बाबांच्या कानाला लागला होता, "स्वस्तात शंभर खेळ आहेत, पण एक खोट आहे. पहिल्या रिमोटवाल्याचे जीव संपतच नाहीत."

झालं! पहिला रिमोट बाबांनी जन्मात सोडला नाही. लेकीला रोज हरवायचं आणि वर मिशीला पीळ, "तुझ्या हातात कसबच नाही गं!"

पुढे मोठी होऊन लेकीने पहिल्या पगारात बाबांसाठी अस्सल कॅसेट आणली. पहिल्याच खड्ड्यात बाबा तीनदा पडले आणि खेळ संपला.

लेक हसली नाही. तिने घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावला. "बाबा, बरं वाटत नाहीये का?"

"जरा कणकण आहे," म्हणत बाबांनी डोक्यावरून पांघरूण ओढलं.

बाहेर लेक फोनवर काकुळतीने सांगत होती, "डॉक्टर, लगेच या हो. आमचे बाबा हरलेत!"