घाटाच्या अलीकडे

आजारी आईला कोल्हापूरला नेताना दिव्या फोंडाघाटला चहाला थांबली, तेवढ्यात गॅरेजवाला सहदेव स्कूटरवरून घामाघूम येऊन उभा राहिला. सकाळी आचऱ्यात त्यानेच तिच्या गाडीचं चाक बदललं होतं. "बाय, गाडी घाटात घालू नका! फोन लागाक नाय. घाईत नट हातान न फिरवता थेट मशिनीन आवळलंय, ते तिरके बसले. मगे गॅरेज झाडताना बोल्टाच्या आट्यांचो लोखंडी चुरो गावलो." त्याने चाक उघडलं. दोन बोल्ट हातातच तुटून आले. दिव्याचा संताप उसळला, पण सहदेव मान खाली घालून म्हणाला, "चूक माझीच." मग उन्हात रस्त्यावर बसून त्याने सोबत आणलेले नवे बोल्ट बसवले, प्रत्येक नट आधी बोटांनी फिरवला. आपली चूक सांगायला इतक्या लांब धावणारा माणूस तिने कधी पाहिला नव्हता. परतताना गाडी ठणठणीत होती, तरी ती आचऱ्याला त्याच्याकडेच थांबली. "दादा, उरलेली तीनय चाकां तुमीच बघा."