कौतिकाचं पान

करडीच्या धनीराम आबाजींची धाकटी बहीण कौतिका भर तारुण्यात वैनगंगेच्या पुरात वाहून गेली, असं घरात सगळेच सांगत. पितृपक्षात आबाजी आईबापाचं, भावांचं पळसाच्या पत्रावळीवर पान मांडायला लावायचे. बहिणीचं मात्र कधीच नाही. नात ज्योत्सनाला याचा भारी राग यायचा. “आबाजी, कौतिका आजीचं काहून नाही मांडत?” असं तिनं विचारलं, की म्हातारा ऐकू न आल्यासारखा उठून गोठ्यात जायचा.

यंदा ज्योत्सनाला शहरात एका बंद पडलेल्या मनोरुग्णालयाचे जुने कागद स्कॅन करायचं काम मिळालं. एका केसपेपरवर तिला कौतिकाचं नाव दिसलं. खाली वडील म्हणून ज्योत्सनाच्या पणजोबांचं नाव आणि गाव करडी. बाई केव्हाच बरी झालेली. घरी पत्रं पाठवूनही न्यायला कोणी आलं नाही, म्हणून म्हातारपणी तिथंच वारलेली.

ज्योत्सना सुन्न होऊन घरी आली. अमावस्येला पानं मांडता मांडता तिला राहवेना. आबाजींना धक्का बसेल म्हणून त्यांचा हात धरून ती हळूच म्हणाली, “आबाजी, कौतिका आजी पुरात नव्हती गेली. पागलखान्यात होती. तिथंच वारली.”

आबाजींनी डोळे पुसले आणि एक कोरी पत्रावळ तिच्यापुढं सरकवली.



“जिती होती तवर कसं मांडू देऊ, पोरी? आता मांड.”