वाटेपुरतं पाणी

तळेगावच्या बाजारात उभारलेल्या सिनेमाच्या तंबूत पडद्यावरची होडी उलटली, तशी बायकांत बसलेल्या म्हाळसानं पदर डोळ्यांना लावला. हौसेनं फिरायला निघालेलं अख्खं कुटुंब बुडालं बिचारं! रीळ बदलायला दिवे लागले. पुरुषांच्या बाजूला नवरा दिसेना. कनातीशी तिचा थोरला भाऊ उभा होता. “दादा, तूबी शिनेमाला आलास व्हय?” ती हरखली. भावाची नजर तिच्या मांडीवरच्या पितळी तांब्यावर खिळली. लग्नात माहेरानं दिलेला, बापाचं नाव कोरलेला. निघताना नवराच म्हणाला होता, “वाटंत तहान लागंल, तुझा तांब्या घे.” त्यानं माहेरच्या भांड्याला मान दिला, एवढ्यानंच ती वाटभर सुखावली होती. “तांब्याबी परत धाडला दाजींनी? म्हंजी सांगितलंय तुला,” भाऊ पुटपुटला. “तुला कायमची माहेरी न्यायला बोलावलंय त्यांनी मला.” परतीच्या वाटेत नवऱ्याला लागेल म्हणून तिनं तांब्यातलं निम्मं पाणी राखलं होतं.