मगदूम सरांची खुर्ची

"ती खुर्ची मोकळी ठेवा!" डॉ. अमरसिंह इंगवले शिपाई गुंडूमामांवर खेकसले. "मगदूम सर यायलेत. शाल-नारळ टेबलावर ठेवा. आणि ह्या बाईंना ते कोपऱ्यातलं स्टूल द्या."

ह्या बाई म्हणजे डॉ. संयोगिता नलवडे. नऊ वर्षं याच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होत्या. बढतीसाठी त्यांनी अर्ज केला आणि अमरसिंहांच्या अंगाचा तिळपापड झाला. बढती राहिली बाजूलाच, आता नोकरी राहते का जाते, हे ठरवायला चौकशी समिती बसली होती.

संयोगिताबाई स्टुलावर बसल्या. मांडीवर एक खाकी पाकीट होतं. अर्जासोबत त्यांनी ते जोडलं होतं. "जादा कागद चालणार न्हाईत," म्हणून अमरसिंहांनी न फोडताच परत केलेलं.

अमरसिंह विभागप्रमुख. विभागातून संशोधनाचा पेपर कुणाचाही जावो, पहिलं नाव त्यांचं. असे एकशे छप्पन्न पेपर झाले होते. वाचायला वेळ कुणाला? आकडे मात्र तोंडपाठ. सगळ्यात गाजलेल्या पेपरातला आलेख मोठा करून, फ्रेम करून त्यांनी याच खोलीत भिंतीवर लावला होता. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'सायटेशन : ४१२'. म्हणजे इतक्या वेळा इतर पेपरांत त्याचा दाखला दिला गेला होता.

समितीचे अध्यक्ष डॉ. प्रसेनजीत कांबळे बाहेरगावचे. माणूस मोजकं बोलणारा.

"पूर्ण नाव?" त्यांनी विचारलं.

"संयोगिता राजवर्धन नलवडे."

"आरोप?"

"चोरी!" अमरसिंहच मध्ये बोलले. "मोजून सहा पेपर ह्यांचे. सायटेशन किती? एकोणीस! त्यातली निम्मी स्वतःच स्वतःला दिलेली असतील. आणि बढती पाहिजे! आता सेमीकंडक्टरवर पुस्तक लिहिलंय. मी ते नक्कल पकडायच्या मशीनमध्ये घातलं. अठ्ठावीस टक्के नक्कल! आलेख क्रमांक तीन तर पी. ए. मगदूम यांचा जसाच्या तसा."

"आलेखाखाली मूळ पेपरचं नाव दिलंय," संयोगिताबाई म्हणाल्या.

"नाव दिलं म्हंजे परवानगी मिळाली व्हय? उद्या माझ्या दारातली गाडी न्याल आणि मागं चिठ्ठी लावाल, अमरसिंहांची हाय म्हणून!"

गुंडूमामांना हसू आलं. त्यांनी ते चहाच्या ट्रेमागं लपवलं.

प्रसेनजीतनी कागद चाळले. "हे मगदूम कोण?"

"फार मोठा माणूस," अमरसिंहांचा आवाज एकदम मऊ झाला. "मूळचा जयसिंगपूरचा. सेमीकंडक्टरच्या पातळ थरांवर त्यांचा एकच पेपर, पण नऊशे सायटेशन! मीच त्यांना ईमेल टाकला. म्हटलं, सर, आमच्याकडं चोर सापडलाय. तासाभरात उत्तर. हे बघा."

प्रसेनजीतनी मोठ्यानं वाचलं. "'बैठकीला मी हजर असेन. माझा आलेख तुमच्या विभागात दोघांनी वापरला आहे. कुणी वापरला, ते समोरासमोर सांगेन.'" त्यांनी मान वर केली. "दोघांनी?"

"दुसरं ह्यांचंच कुणीतरी पिल्लू असंल. दोघांनाबी घरी पाठवू की!"

साडेअकरा झाले. खुर्ची रिकामीच. अमरसिंह दोनदा दारापर्यंत जाऊन आले.

"अजून काही बोलायचंय?" प्रसेनजीतनी संयोगिताबाईंना विचारलं.

"मगदूमांचं ऐकून घ्या. मग बोलते."

"बघा, बघा! तोंडच न्हाई दाखवायला," अमरसिंह म्हणाले. "सर, तोवर ठराव तर लिहून घेऊ. मोठ्या माणसाला ताटकळत ठेवायला नको."

"लिहा. पण तक्रारदार तुम्ही, शब्द तुमचे."

अमरसिंहांनी एका दमात सांगितलं, "मगदूम यांचा आलेख त्यांच्या परवानगीशिवाय ज्यानं वापरला असेल, मग तो शिपाई असो का विभागप्रमुख, त्याला त्याच दिवशी नोकरीवरून काढावं." मग हसून म्हणाले, "कुणाला वाटायला नको, इंगवलेनं बाईवर डूख धरला."

"सही करा."

त्यांनी तिन्ही प्रतींवर झोकात सही ठोकली. प्रसेनजीतनी खाली आपली सही केली.

संयोगिताबाई उठल्या. टेबलाला वळसा घालून आल्या, शाल-नारळ बाजूला सरकवला आणि रिकाम्या खुर्चीत बसल्या.

"अवो बाई, अक्कल हाय का न्हाई? ती खुर्ची मगदूम सरांची हाय!"

त्यांनी खाकी पाकीट फोडलं. आत नावबदल छापलेल्या सरकारी राजपत्राची प्रत होती. प्रसेनजीतनी ती वाचली, मग पुन्हा एकदा सावकाश, मोठ्यानं वाचली. "लग्नापूर्वीचं नाव, प्रियदर्शनी आकाराम मगदूम."

"सासरी तांदळाच्या ताटात नाव बदललं," त्या म्हणाल्या. "जुन्या नावाचा पेपरही माझाच धरा, म्हणून अर्जाला हे पाकीट जोडलं होतं. सरांनी उघडलंच न्हाई."

अमरसिंहांच्या हातात पेन तसंच होतं.

"पुस्तकातल्या आलेखाला मगदूमांची परवानगी हाय," बाई म्हणाल्या. "आता दुसऱ्याचं सांगते. गुंडूमामा, भिंतीवरची ती फ्रेम जरा खाली घ्या."