खालची उत्तरं

रखमीच्या नवऱ्याने, वाळूने, रेशनकार्डाची प्लास्टिकची पिशवी रिकामी करून आणली होती. छापलेले कागद तिच्यात घालून न्यायचे, म्हणजे जीपच्या गर्दीत चुरगळणार नाहीत. डोळखांबहून शहापूरपर्यंत ती त्याने सदऱ्याच्या आत छातीशी धरली होती.

सायबर कॅफेत शिरताच त्याने सांगून टाकलं, "जगदीश, रखमीनं तुझ्याशी भांडून जे जे लिवलंय, ते सगळं छापून दे."

जगदीशने शेजारी बसलेल्या संदीपकडे पाहिलं. संदीपचा फोटो स्टुडिओ समोरच होता, पण गिऱ्हाइकाला तो इथेच सापडायचा. दोघं सिनेमाच्या एका साइटवर परीक्षणं लिहीत आणि एकमेकांच्या परीक्षणाचा भुगा करत. तिसरी रखमी. महिन्यातून एकदा अंगणवाडीच्या मीटिंगला शहापूरला आली, की मीटिंग सुटल्यावर तासभर इथे बसायची. टायपिंग तिला येत नव्हतं. ती बोलायची आणि जगदीश टाइप करायचा.

"मला घातलेल्या शिव्या मीच माझ्या हातानं टाइप केल्यात, दाजी." जगदीश हसायला गेला, पण जमलं नाही.

"त्याच पायजेत," वाळू म्हणाला. "लाइट कधी जाते?"

"दोनला."

"मग कर लवकर."

जगदीशचा हात माउसवर तसाच राहिला.

"सांग ना त्यांना," संदीप म्हणाला.

"दाजी, ते आता तिथं नाय."

"नाय म्हंजे?"

वाद एकाच पिक्चरवरून होता. त्यात शेवटी हिरोची बायको आजारी पडून मरते. मरण्याआधी नवऱ्याचा हात हातात घेऊन दहा मिनिटं बोलते. जगदीश तो सीन बघून तीनदा रडला होता आणि त्याने पाच स्टार दिले होते. रखमी एक द्यायला तयार होती, तोही गाण्यांसाठी. मरणारं माणूस एवढं बोलत नसतं, हे तिचं म्हणणं. जगदीशच्या परीक्षणाखाली चार महिने हे चाललं होतं.

"दहाव्याला तुमी सांगितलंत ना," जगदीश खाली बघत म्हणाला. "जीपमधी रखमीताईचं डोकं तुमच्या मांडीवर होतं. शहापूर यायच्या आधीच गेली, अन् एक शब्द बोलली नाय. मला माझीच लाज वाटली, दाजी. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं आणि पहिलं ते पाच स्टारवालं काढून टाकलं. म्हटलं, ताई जिंकली."

"तुझं काढलंस. तिचं कशाला काढलंस?"

"तिचं नाय काढलं. तिची उत्तरं माझ्या परीक्षणाच्या खाली होती. वरचं काढलं, की खालचंही जातं. मला ठाऊक नव्हतं."

वाळूने पिशवीची घडी उलगडली, परत घातली.

"परत आणता येत नाय?"

"साइटवाल्यांना दोनदा लिवलं. नाय म्हणतात."

"मग तोंडानं सांग. काय काय बोलली ती?"

जगदीशने डोळे मिटले. "ती म्हणाली, जगदीशभाऊ, ही बाई मरते, का ग्रामसभेत भाषण करते?"

"ग्रामसभा नाय रे," संदीप म्हणाला. "महिला मंडळ म्हणाली होती."

"टाइप मी केलं का तू?"

"तू केलंस, पण हसून खुर्चीवरनं पडलो मी!"

"ते सलाइनच्या वेळी पडलास. सलाइन लागलीय अन् तोंडावर पावडर तशीच, म्हणाली होती."

"पावडर नाय, लिपस्टिक!"

"पावडर!"

"काय डोकं याचं! ताईनं सांगायचं, यानं टाइप करायचं, अन् विसरायचंही यानंच!"

दोघांचे आवाज चढले. क्षणभर ते नेहमीसारखे भांडले. मग निकालासाठी सवयीने दोघंही तिसऱ्या खुर्चीकडे वळले. तिथे वाळू बसला होता.

"मला काय ठाऊक," वाळू म्हणाला. "घरी ती पिक्चरचं काढायची, तवा मी म्हणायचो, पुरे झालं तुझं."

समोरच्या रस्त्यावर मुरबाडची गाडी हॉर्न देऊन निघून गेली.

मग जगदीशने कीबोर्ड पुढे ओढला आणि तेच परीक्षण पहिल्यापासून परत लिहू लागला. ते त्याला पाठ होतं. संदीप वाकून वाचत होता. "शेवटचा सीन अगदी खरा वाटतो. पाच स्टार."

"ताई चिडली असती," तो हळूच म्हणाला.

"चिडू दे."

परीक्षण साइटवर गेलं. त्याच्या खाली उत्तरासाठी एक रिकामा चौकोन उघडला. त्यात बारीक उभी रेघ दिसायची, जायची, परत दिसायची.

वाळूने तिच्याकडे बोट केलं. "ही काय करतेय?"

"काय नाय, दाजी. कोणी लिवायची वाट बघते."

वाळूने खुर्ची पुढे घेतली.

"दोनला लाइट जाईल, दाजी."

"जाऊ दे," वाळू म्हणाला. त्याने रिकामी पिशवी मांडीवर पसरली, तिच्यावर हात ठेवला आणि तो पडद्याकडे बघत बसून राहिला.